नामांतरानंतरची झाडलोट

आमच्या साहेबांनी एका दुपारी एक नाव बदललं आणि पुढचे तीन महिने मी त्यांच्यामागे झाडू घेऊन फिरले. हे मी कौतुकानं सांगत नाही.

मी भिवंडीत, कल्याण नाक्याच्या आतल्या गल्लीत, तिसऱ्या मजल्यावर बसून काम करते. कंपनी पुण्यात आहे. कारखान्यांतल्या आणि गोदामांतल्या यंत्रांसाठी ती ऑपरेटिंग सिस्टिम बनवते. तिचा अगदी आतला, यंत्राच्या प्रोसेसरशी थेट बोलणारा जो भाग, त्याला कर्नल म्हणतात, आणि त्या कर्नलचा एक कोपरा फक्त मोजायचं काम करतो. प्रोसेसर किती राबला, किती वेळ ताटकळला, किती वेळा अडखळला. यंत्र मंदावलं तर ते का मंदावलं हे कळावं, एवढ्यासाठी हे मोजमाप. ज्यानं पहिल्यांदा ते लिहिलं त्या भल्या माणसानं त्याला ‘काउंटर’ असं नाव दिलं होतं. मोजतो म्हणून काउंटर. एवढं साधं नाव टिकणं आमच्या धंद्यात अवघडच.

साहेब नवीन आले आणि त्यांना हे नाव छोटं वाटायला लागलं. “आपण आता नुसतं मोजत नाही, आपण घडामोडी टिपतो,” असं ते मीटिंगमध्ये म्हणाले आणि थांबले, आम्ही काहीतरी म्हणावं म्हणून. मग त्यांनीच ठरवलं की आजपासून ‘काउंटर’ नाही, ‘इव्हेंट’. त्यांचं कारण अगदीच खोटं नव्हतं. गेल्या दोन वर्षांत त्या भागात मोजण्यापलीकडची बरीच कामं शिरली होती. पण हे कबूल करणं मला जड जातं, कारण पुढे त्यांनी जे केलं ते कोणत्याही शहाण्या माणसानं केलं नसतं.

जेवून आल्यावर त्यांनी एका ओळीची स्क्रिप्ट लिहिली. जिथे जिथे ‘काउंटर’ दिसेल तिथे तिथे ‘इव्हेंट’ घाल. एंटर दाबलं. संध्याकाळी सगळ्यांना मेल आली की कर्नलमधलं वर्षानुवर्षांचं काम आपण एका दिवसात मार्गी लावलं. पुण्याच्या ऑफिसात केक कापला, त्याचे फोटो आम्हा घरून काम करणाऱ्यांना पाठवले. दोन महिन्यांनी साहेबांना बढती मिळाली. केकच्या फोटोत ते सुरी हातात धरून असे उभे होते की जणू पाया त्यांनीच घातला, चुना त्यांनीच कालवला.

झाडलोट माझ्याकडे आली. “तुझं डिटेलिंग चांगलं आहे,” असं साहेब म्हणाले. आमच्याकडे ज्या बाईला कंटाळवाणं काम द्यायचं असतं तिचं डिटेलिंग चांगलं असतं.

काय काय निघालं ते सांगते. प्रोसेसरच्या आत खरोखरीचे मोजणारे रकाने असतात, मूठभरच असतात, आणि त्यांना काउंटरच म्हणतात. ते नाव आम्ही दिलेलं नाही, प्रोसेसर बनवणाऱ्यांनी आपल्या पुस्तकात छापलंय. स्क्रिप्टला हे काय माहीत? तिनं तेही बदलले. त्यामुळे आमच्या कर्नलमध्ये एका जागी लिहिलेलं वाचायला मिळे की हा इव्हेंट पूर्ण भरला की पुन्हा शून्यापासून सुरू होतो. घडामोड भरते कशी, ती काय पिंप आहे? दुसऱ्या एका फायलीत एकाच नावात ‘इव्हेंट’ दोनदा आलं होतं, कारण तिथे आधीच एक इव्हेंट होता आणि त्याचा काउंटर होता. जिथे नाव दोन तुकड्यांत लिहिलं होतं तिथे स्क्रिप्टला ते सापडलंच नव्हतं. माहितीपुस्तिकेतल्या आकृत्या तर चित्रं असल्यामुळे जुन्या नावानंच हसत बसल्या होत्या. बाहेरून आलेल्या एका नव्या पोरीनं मला गंभीरपणे विचारलं की हे दोन वेगळे भाग आहेत का. मी तिला म्हटलं, भाग एकच आहे, साहेब दोन आहेत, जुने आणि नवे.

आमच्या कामाची एक रीत आहे. कर्नलमध्ये एक स्वल्पविराम जरी हलवला तरी सोबत चिठ्ठी लिहायची. काय बदललं, का बदललं, आणि खाली आपलं नाव. बदल लहान ठेवायचा, म्हणजे दुसऱ्याला तपासता येतो आणि उद्या काही बिघडलं तर कोणाला विचारायचं ते कळतं. साहेबांच्या त्या हजारो ओळींच्या बदलाची चिठ्ठी एका वाक्याची होती. माझ्या शंभराच्या वर चिठ्ठ्या झाल्या, एकेक परिच्छेदाच्या. त्या कोणी वाचल्या असतील असं मला वाटत नाही.

दुसरीही एक रीत आहे, आणि ती पहिलीपेक्षा मोठी. आतलं घर हवं तसं फिरवा, पण बाहेरच्या माणसाचं चालू काम मोडायचं नाही. मोजलेले आकडे बाहेरच्यांना वाचता यावेत म्हणून कर्नल काही फायली उघड्या ठेवतो, आणि त्यांची नावं जगभर कोणाकोणाच्या प्रोग्रामात लिहिलेली असतात. म्हणून साहेबांच्या स्क्रिप्टनंतर पहिल्याच आठवड्यात मी जुन्या नावाच्या फायली परत मांडल्या होत्या. जुनं नाव विचारलं की नव्याचाच आकडा मिळायचा. अकरा ओळींचं काम होतं. साहेबांना त्या अकरा ओळी डोळ्यांत खुपायच्या. “हे उष्टं-खरकटं कधी काढणार?” असं ते दर मीटिंगला विचारत.

आता माझ्या आतेभावाबद्दल सांगायला हवं, कारण त्या अकरा ओळींवर त्याचं सगळं अवलंबून होतं.

आत्याचं घर वडप्याजवळ. त्यांचं शेत गोदामाला गेलं, आणि व्यवहारात घरातल्या एकाला गेटवर नोकरी असं ठरलं. दादाला शिट्टी, टोपी आणि प्लास्टिकची खुर्ची मिळाली. बारावीला दोनदा नापास झालेला माणूस, त्याच्याकडून कोणाला काही अपेक्षा नव्हती, मला तर नव्हतीच. पण हा खुर्चीवर बसेना. आत जाऊन पट्ट्याकडे उभा राहायचा. खोकी वाहून नेणारा, पिनकोडप्रमाणे वेगळी करणारा लांबलचक पट्टा. तो अडकला की खोकी एकावर एक चढत, बाहेर पडघ्यापर्यंत गाड्या उभ्या राहत आणि आत शिव्यांचा पाऊस पडे. बघत बघत दादा दुरुस्तीवाल्यांच्या हाताखाली लागला. पगार ठेकेदाराकडूनच, पण काम आतलं.

त्याच्या लक्षात आलं की पट्टा अडकायच्या थोडं आधी त्याला चालवणारा कॉम्प्युटरचा डबा घुसमटतो. त्या डब्यात आमच्या कंपनीची सिस्टिम होती. चुलतबहिणीच्या हळदीत, मांडवात डीजे ठणठणत असताना, त्यानं मला गाठलं. “बाय, तो डबा आतून कवढा दमलाय ते कुठं दिसतं?” असं तो माझ्या कानात ओरडला. मला जेवायला जायचं होतं. मी म्हटलं, “अमुक फोल्डरमध्ये काउंटर नावाची फाईल असते, ती वाच,” आणि मटणाच्या पंगतीला जाऊन बसले.

त्यानं वाचली. मोबाईलवर व्हिडिओ बघून बघून बारा ओळींचा प्रोग्राम लिहिला. दर काही सेकंदांनी फाईल वाचायची, आकडा फार वर गेला की खांबावरचा लाल दिवा लावायचा. दिवा लागला की मुलं खोकी टाकणं थांबवत, डबा श्वास घेई, पट्टा अडकत नसे. तो प्रोग्राम त्यानं मला व्हॉट्सअॅपवर पाठवला होता. मी न उघडता अंगठा दाखवला. नंतर उघडला तेव्हा दिसलं की फाईल सापडली नाही तर आकडा शून्य धरायचा, असं त्यानं लिहून ठेवलं होतं. हे चुकीचं आहे, फाईल नसेल तर बोंब मारायला हवी, हे मी त्याला एका मिनिटात सांगू शकले असते.

गोदामाच्या मॅनेजरला दिवा आवडला. दिवाळीपर्यंत पट्टा असाच चालला तर दादाला ठेकेदाराकडून काढून कंपनीच्या रजिस्टरवर टेक्निशियन म्हणून घेतो, असं त्यानं सांगितलं. आत्या येईल त्याला हे सांगे. मलाही चार वेळा सांगितलं. मी “वा, छान” म्हणत असे.

त्या अकरा ओळी काढायचं ठरलं ती मीटिंग गणपतीच्या आधी झाली. आमच्या खाली चोवीस तास पावरलूम चालतात. माईक सुरू केला की त्यांचा खडखडाट आधी पोचतो आणि मी मागाहून. पुण्याची मंडळी नाकानं कांदे सोलणारी. “तुझ्याकडे आगगाडी आली वाटतं,” असं कोणीतरी म्हणालं आणि सगळे मनापासून हसले. मी माईक बंद केला. मग साहेबांनी स्क्रीनवर एक शोध दाखवला. त्या अकरा ओळी सोडून कंपनीच्या सगळ्या कोडमध्ये जुन्या नावाची फाईल कोण वाचतं ते शोधलं होतं. निकाल, शून्य. “जुनं नाव वापरणारा जगात एकही माणूस उरलेला नाही,” ते म्हणाले. “कोणाला माहीत असेल तर एक, फक्त एक माणूस दाखवा, मी त्या ओळी ठेवतो.”

असली चूक फक्त आमची जमात करू शकते. भाजीवाला कधी म्हणणार नाही की माझ्या टोपलीत दुधी नाही म्हणजे जगात दुधी नाही. आमच्याकडे चांगल्या पगाराची माणसं हेच म्हणतात आणि वर निकाल रंगीत करून दाखवतात. मी मनातल्या मनात साहेबांची यथेच्छ लाज काढली.

आणि मला तो एक माणूस माहीत होता. माईक सुरू करून एवढंच म्हणायचं होतं की वडप्याच्या गोदामात एक जण आहे. पण मग कोण, कुठला इंजिनियर, असा प्रश्न आला असता. मग सांगावं लागलं असतं की तो माझा आतेभाऊ, बारावी नापास, गेटवरून आत शिरलेला, आणि नाव मीच त्याला मटणाच्या पंगतीच्या घाईत सांगितलं. मघाच्या हसण्याचे दात अजून स्क्रीनवर दिसत होते. मला दादाची लाज वाटली. दुसरं काही कारण नव्हतं. दहा सेकंद थांबून साहेब म्हणाले, “गुड,” आणि ते काम माझ्याच नावावर टाकलं.

मी माझ्या समजुतीसाठी ठरवलं की रविवारी दादाला फोन करून नाव बदलायला सांगू. त्याच्या प्रोग्रामात एक शब्द बदलायचा होता. रविवारी पाहुणे आले, पुढच्या रविवारी गणपती आले. मी त्या अकरा ओळी काढल्या. चिठ्ठी लिहिली. साहेबांनी सुचवलेलं वाक्य त्यात घातलं, ‘यामुळे कोणाचंही काही मोडत नाही’, आणि खाली माझं नाव लिहिलं. त्या तीन महिन्यांतली ती सगळ्यात नीटनेटकी चिठ्ठी होती.

नवी आवृत्ती गेली. गोदामातला डबा एका सकाळी आपोआप अपडेट झाला. दादाचा पहिला फोन आला तेव्हा मी मीटिंगमध्ये होते. दुसरा आला तेव्हा नव्हते, तरी उचलला नाही. मग मेसेज आला. ‘बाय, दिवा लागत न्हाय. बेल्ट अडकला सकाली.’ मला तेव्हाच कळायला हवं होतं. खरं म्हणजे कळलंच होतं. मी उत्तर पाठवलं, ‘वायर चेक कर.’

माणूस दोन दिवस शिडी लावून खांबावर चढत होता. त्यानं वायर बदलल्या, दिवा बदलला, नव्या दिव्याचा फोटोही मला पाठवला. त्याचा प्रोग्राम मात्र नसलेली फाईल वाचून शून्य, शून्य, शून्य म्हणत बसला होता, म्हणजे डबा अगदी आरामात आहे. खोकी टाकणारी मुलं दिव्यावर विसंबली होती. त्या आठवड्यात पट्टा तीनदा अडकला. तिसऱ्या वेळी पट्ट्याचा जोड तुटला आणि अर्धा दिवस गोदाम बंद राहिलं, तेही सणाच्या तोंडावर.

आत्याचा फोन आला तो मी उचलला. “दादाला परत गेटवर बसवला गो,” ती म्हणाली. “मॅनेजर सायेब बोलला, तुझी खेळणी घरी ने.” ती रडत नव्हती. तिला वाटत होतं की मी एवढी मोठ्या कंपनीत, मला यातलं काही कळत असेल. मी म्हटलं, बघते.

बघितलं. त्याच दिवशी अकरा ओळी परत मांडल्या. चिठ्ठीत सरळ लिहिलं की मागचा बदल चुकीचा होता, त्यानं एका वापरणाऱ्याचं चालू काम मोडलं, आणि हा वापरणारा आहे हे मला बदल करतानाच माहीत होतं. साहेबांचा फोन आला. चिडतील असं वाटलं होतं. ते अगदी प्रेमानं बोलले. “एवढं पर्सनल कशाला घेतेस? ‘जुन्या प्रणालींसाठी सोय वाढवली’ असं लिही ना. पॉझिटिव्ह दिसतं.” मी नाही म्हटलं. तर त्यांनी स्वतःच वाक्य बदललं आणि बदल आत घेतला. पुढच्या मीटिंगला त्यांनी ती सोय आपल्या टीमची कामगिरी म्हणून दाखवली. या माणसाला चिखलात ढकललं तर तो वर येऊन सांगेल की मी मुद्दाम उटणं लावायला गेलो होतो.

दुरुस्ती पोचेपर्यंत गोदामानं पट्ट्यावर लक्ष ठेवायला एका बाहेरच्या कंपनीचा तयार स्क्रीन घेतला होता. दादाची गरज संपली होती.

शनिवारी दुपारी मी वडप्याला गेले. हायवेवर नेहमीसारखी कंटेनरांची रांग होती. दादा गेटवर उभा होता, टोपी घालून, हातात गाड्यांची वही. हे गेट त्यांच्याच शेतात आहे. पूर्वी इथे त्यांची वालाची भाजी असायची, मी लहानपणी तोडलेली आहे. मला बघून तो खूश झाला. समोरच्या टपरीवरून दोन कटिंग मागवल्या, मला आपली खुर्ची दिली आणि स्वतः उभा राहिला.

मी येताना रिक्षात सगळं जुळवून ठेवलं होतं, पण तोंडातून निघालं ते असं, “दादा, वायरचा काही प्रश्न नव्हता. ती फाईलच नव्हती. मी काढली होती ती.”

“माहीत हाय मना,” तो म्हणाला.

“कसं?”

“अपडेटचा कागद येतं ना, तो वाचला. डिक्शनरी घेऊन बसलो दोन दिस. चौदाव्या पानावर होता, काउंटर काढला म्हनून. खाली तुजा नाव होता.” त्यानं चहाचा घोट घेतला. “मोठा कागद असतंय गो. तुमी लोक कवढा लिवता.”

आवृत्तीसोबत आमच्या चिठ्ठ्या जोडून जाणारा तो कागद आमच्या कंपनीत कोणी वाचत नाही. मीही वाचत नाही, आणि त्यातला अर्धा मीच लिहिते.

“मग तू मला का नाही विचारलंस?”

“काय विचारू? झाला तो झाला.” एक टेम्पो आला. त्यानं वहीत नंबर लिहिला, दांडी वर केली, खाली केली आणि परत आला. मग जरा हसून म्हणाला, “मॅनेजर सायेबानं मना विचारला, या फाईलचा तुला कोनी सांगला? त्या कंपनीतला कोन हाय तुजा? बोलला, नाव सांग, मी त्यांना लिवतो, तुज्यावरचा जाईल.”

“मग?”

“मग काय? मी बोल्लो कोनी न्हाय सांगला, मीच शोधला, माजीच चूक हाय.”

मी म्हटलं, “अरे, नाव सांगायचं होतंस! तुझी आतली नोकरी राहिली असती.”

त्यानं माझ्याकडे असं बघितलं की जणू मी अजून लहान आहे आणि मला काही समजत नाही.

“आनि तुजी गेली असती ना,” तो म्हणाला.

मागे कंटेनरवाला हॉर्न वाजवायला लागला, तसा ग्लास माझ्या हातात देऊन तो दांडीकडे धावला. आमच्या कंपनीत असल्या गोष्टीसाठी कोणाची नोकरी जात नाही. फार तर एक मीटिंग होते. हे मी त्याला सांगितलं नाही.